समुद्रात रवी कोण फिरवतं?

मेसच्या चहात साखर नेहमी तळाशी बसलेली असते, आणि चमचे मोजून चार, तेही पहिल्या रांगेतल्या मुलींच्या हातात. अशा वेळी चहा न ढवळता नुसता ठेवून दिला, तर साखर आपोआप वरपर्यंत पसरायला किती वेळ लागेल? फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक समोर उघडंच होतं, म्हणून मी एकदा हे गणित करून पाहिलं. ग्लासातल्या चहाची उंची आठ सेंटीमीटर धरली, तिचा वर्ग केला, साखरेच्या डिफ्युजनच्या आकड्याने भागलं. उत्तर आलं जवळजवळ पाच महिने! म्हणजे सेमिस्टर संपेल, एक्स्टर्नल येऊन जातील, पण चहा काही गोड होणार नाही. रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग बोट घाल ना!"

बोट घातलं की पाच सेकंदांत काम होतं. पाण्यात भोवरे उठतात, मोठ्या भोवऱ्यांतून छोटे, छोट्यांतून आणखी छोटे, आणि साखर ग्लासभर होते. यालाच आपण टर्ब्युलन्स म्हणतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे याला मराठीत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. एका मॅडमना विचारलं, तर त्यांनी 'संक्षोभ' असा शब्द सांगितला. शब्द भारदस्त आहे, पण वाचला की कुणीतरी आपल्यावर चिडलंय असं वाटतं. म्हणून या लेखात मी आपली साधी 'ढवळण' वापरणार आहे. जाणकारांनी रागावू नये.

आता ग्लासाऐवजी समुद्र घ्या. खोली सरासरी चार किलोमीटरच्या आसपास. वरचं पाणी उन्हानं तापलेलं, तळाचं पाणी विषुववृत्ताखालीसुद्धा फ्रिजमधल्या पाण्यासारखं गार. वरची उष्णता नुसत्या रेणूंच्या धक्काबुक्कीने तळापर्यंत पोचायची, तर तेच गणित ३६ लाख वर्षं असं उत्तर देतं. तिकडे अंटार्क्टिकाजवळ आणि ग्रीनलंडच्या बाजूला गार, जड पाणी सतत खाली बुडत असतं. ढवळण नसती तर आत्तापर्यंत सगळा समुद्र त्या गार पाण्यानं भरून गेला असता, आणि वर उरली असती कोमट पाण्याची एक पातळ साय. तसं झालेलं नाही. म्हणजे कोणीतरी आत रवी फिरवतंय. प्रश्न दोनच. किती जोरात, आणि कोण?

थर्ड इयरच्या सेमिनारसाठी मी हा विषय घेतला तेव्हा मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. "समुद्रावर कोण प्लेसमेंट देतं गं?" हा प्रश्न तर इतक्या जणींनी विचारला की मी उत्तर देणं सोडून दिलं. पण विषय एकदा वाचायला घेतला आणि त्यातली भानगड कळली, तेव्हा मात्र तो सोडवेना.

भानगड सुरू होते १९६६ साली. वॉल्टर मंक नावाचा शास्त्रज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना लाटा किती उंच असतील याचा अंदाज ज्या पद्धतीने केला गेला, ती तयार करणाऱ्यांपैकी हा एक. २०१९ साली, १०१ वर्षांचा होऊन तो गेला. या माणसाने १९६६ मध्ये एक निबंध लिहिला, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'अथांग समुद्राच्या पाककृती'! पॅसिफिकमध्ये एक ते चार किलोमीटर खोलीवर तापमान, क्षार आणि किरणोत्सारी कार्बन कसे बदलत जातात ते त्यानं पाहिलं आणि हिशेब मांडला. तळाचं पाणी रोज सुमारे १.२ सेंटीमीटर वर चढत असेल आणि वरची उष्णता ढवळणीमुळे खाली येत असेल, या दोघांचा मेळ बसायचा तर ढवळणीचा गुणांक सेकंदाला साधारण १ चौरस सेंटीमीटर हवा. रेणूंच्या डिफ्युजनच्या जवळजवळ हजारपट. आकडा सुटसुटीत, लक्षात राहणारा, आणि सगळ्यांना पसंत पडलेला.

पण हा हिशेब झाला. ढवळण प्रत्यक्ष मोजायची कशी? इथं खरा इंजिनिअरिंगचा भाग येतो, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात मजेचा आहे.

समुद्रातले सगळ्यात छोटे भोवरे सेंटीमीटरभर असतात. ते मोजायला जहाजावरून दोरीनं यंत्र सोडलं, तर जहाज हलतं, दोरी हलते, यंत्र हलतं, आणि आपण समुद्र सोडून स्वतःचीच थरथर मोजत बसतो. म्हणून यंत्र मोकळं सोडायचं. दोरी इतकी सैल ठेवायची की यंत्राला ती असल्याची जाणीवही होऊ नये. ते सेकंदाला अर्धा-एक मीटर वेगाने सरळ खाली पडत जातं. त्याच्या नाकावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं एक इवलंसं टोक असतं आणि टोकाच्या आत पिझो सिरॅमिकची पट्टी. पाण्याचा झोत आडवा लागला की पट्टी वाकते आणि व्होल्टेज देते. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबल्यावर ठिणगी पाडणारा जो खडा असतो, त्याचाच हा चुलतभाऊ. त्या व्होल्टेजवरून पाण्यातली ऊर्जा घर्षणाने किती वेगाने उष्णतेत जिरतेय हे काढतात.

ही जिरणारी ऊर्जा किती, तर थर्मोक्लाइन नावाच्या वरच्या पट्ट्यात दर किलो पाण्यामागे एका वॅटचा अब्जावा भाग धरा. असं वाचून काहीच बोध होत नाही, म्हणून मी ते एक घन किलोमीटर पाण्याला लावून पाहिलं. उत्तर येतं १००० वॅट. म्हणजे आपल्या हॉस्टेलमध्ये ज्यावर बंदी आहे, आणि जो प्रत्येक दुसऱ्या रूममध्ये कपाटात टॉवेलखाली सापडतो, तो पाणी तापवायचा एक रॉड! एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, एक किलोमीटर खोल पाणी, आणि त्याला ढवळायला एवढीच शक्ती.

पण रवी फिरवली म्हणजे सगळे कष्ट लोण्यालाच लागतात असं नाही. आजी ताक घुसळायची तेव्हा दुखऱ्या खांद्याकडे बोट दाखवून हेच सांगायची. जड पाणी वर उचलणं आणि हलकं पाणी खाली दाबणं हे ढवळणीचं खरं काम. १९८० साली ऑस्बॉर्न यानं मांडलेला हिशेब आजही सगळे वापरतात. घर्षणात ५ रुपये जिरले तर १ रुपया उचलण्याच्या कामी येतो, म्हणजे गुणोत्तर ०.२. मग सूत्र सोपं आहे. ०.२ गुणिले जिरणारी ऊर्जा, भागिले पाण्याचे थर किती घट्ट रचलेले आहेत त्याचा आकडा. एखादा पंप १७ टक्के एफिशियन्सी दाखवू लागला तर आपण त्याला भंगारात काढू. समुद्र त्याच्यावर हजारो वर्षं चालतोय. हे ०.२ सगळीकडे सारखं असतं का, यावर मात्र शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत.

ज्यांच्याकडे असं नाजूक यंत्र नाही त्यांच्यासाठी थॉर्प यानं १९७७ मध्ये एक झकास युक्ती सांगितली. स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये तो मोजमाप करत होता. होय, तेच 'नेसी' नावाच्या राक्षसाचं सरोवर. आमच्या शाळेत असेंब्लीला उंचीप्रमाणे रांग लागायची. बुटक्या पुढे, उंच मागे. मध्येच कोणीतरी धक्काबुक्की केली की रांग बिघडायची, आणि सिस्टर येऊन प्रत्येकीला तिच्या जागी पाठवायच्या. थॉर्पचं म्हणणं एवढंच होतं की पाण्याचंही तसंच करा. हलकं वर, जड खाली अशी पाण्याची रांग हवी. मोजताना जिथे जड पाणी हलक्याच्या वर सापडेल तिथे नुकतीच ढवळण झालेली आहे. मग कागदावर रांग नीट लावा, आणि प्रत्येक थेंबाला आपल्या जागी जायला किती चालावं लागलं ते मोजा. त्या अंतरावरून ढवळणीचा जोर कळतो. साधा थर्मामीटर आणि सॉर्टिंगचा प्रोग्राम! कॉम्प्युटरवाल्यांनी फर्स्ट इयरला बबल सॉर्ट पाठ केलेला असतो, त्याचा असाही उपयोग आहे.

एक अडचण मात्र कुठल्याच पद्धतीत चुकत नाही. समुद्रातली ढवळण एकसारखी नसते. बराच वेळ बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, आणि मग अचानक कुठेतरी एखादी आतली लाट फुटते आणि एका झटक्यात महिन्याभराचं काम करून जाते. आपण नेमके तिथे नसलो तर सरासरी चुकलीच. आमच्या गावच्या एसटीची सरासरी वेळ काढण्यासारखंच हे आहे.

तर या यंत्रांनी १९७० च्या दशकापासून मोकळ्या समुद्रात मोजायला सुरुवात केली. मंकचा १ कुठे मिळतोय बघू म्हणून. आणि मिळत काय होतं? ०.१. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या समुद्रांत, ०.१ च्या आसपास. हव्या त्या आकड्याचा दहावा हिस्सा.

इथे मला आमची हायड्रॉलिक्स लॅब आठवते. व्हेंच्युरीमीटरच्या प्रॅक्टिकलला कोइफिशियंट ऑफ डिस्चार्ज ०.९७ किंवा ०.९८ यायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणून तो सगळ्यांना येतो. सीनिअरच्या जर्नलमध्येही ०.९७, त्याच्या सीनिअरच्याही. आमच्या बॅचला आला ०.९१. तीनदा रीडिंग घेतली, तिन्ही वेळा तिथेच. शुक्रवारी सबमिशन. बॅचमध्ये उभे दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, मॅनोमीटरच्या दोन रीडिंग्ज इकडच्या तिकडे केल्या की ०.९७ येतं, विषय संपला. माझं आणि आणखी एकीचं म्हणणं होतं, आलंय ते लिहू. कँटीनमध्ये यावरून इतका वाद झाला की एका मैत्रिणीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. "तुझ्या तत्त्वांपायी आमचं टर्मवर्क कशाला?" हा तिचा प्रश्न चुकीचा होता असंही नाही. तिला त्या मार्कांची गरज माझ्यापेक्षा जास्त होती.

शेवटी ०.९१ लिहिलं. सरांनी जर्नल बघितलं, भुवया उंचावल्या, आणि काही न बोलता लॅबमध्ये गेले. मोजायच्या टाकीत पाणी भरून, येणारा नळ बंद करून दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिले. पाण्याची पातळी हळूहळू उतरत होती. टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह गळत होता! किती वर्षांपासून, हे लॅबच्या मामांनाही सांगता येईना. आणि इतकी वर्षं प्रत्येक जर्नलमध्ये ०.९७. सरांनी आम्हाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, फक्त प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं. अबोलाही संपला.

म्हणूनच त्या समुद्रवाल्यांचं मला कौतुक वाटतं. पुस्तकात १ छापलेलं असताना ते वीस वर्षं ०.१ छापत राहिले. त्यांच्यावरही शंका घेतल्या गेल्या. यंत्रंच कमी दाखवत असतील, मोठे झटके निसटत असतील, ते ०.२ चुकीचं असेल. मग यंत्रांवर अजिबात अवलंबून नसलेली परीक्षा घ्यायचं ठरलं.

मे १९९२ मध्ये लेडवेल, वॉटसन आणि लॉ यांनी अटलांटिकमध्ये, कॅनरी बेटांच्या पश्चिमेला, सुमारे ३१० मीटर खोलीवर १३९ किलो सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडला. इलेक्ट्रिकलच्या मंडळींना हा ओळखीचा, सर्किट ब्रेकरमधला वायू. समुद्रात तो मुळात जवळजवळ नसतोच, कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही आणि अतिसूक्ष्म प्रमाणातही सापडतो. पाच महिन्यांनी जाऊन पाहिलं तर त्याचे पट्टे आडवे शेकडो किलोमीटर पसरले होते. आणि उभे? गुणांकावरून गणित केलं तर जेमतेम १५-२० मीटर. पाच महिन्यांत! गुणांक निघाला ०.११. म्हणजे यंत्रं खरंच बोलत होती. (हा वायू ग्रीनहाउस म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त जहाल आहे. पुढच्या प्रयोगांत त्याच्या जागी दुसरा वायू घेतला गेला.)

मग मंक चुकला का? तेही नाही. ढवळण शोधायची जागा वेगळी होती. १९९६ मध्ये तोच वायू ब्राझीलसमोरच्या दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे चार किलोमीटर खोलीवर सोडला गेला. यंत्रांची मापंही त्याच भागातली. जिथे समुद्राचा तळ सपाट तिथे आकडा ०.१ किंवा त्याहून कमी. पण मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर तो मंकच्या १ च्याही पुढे गेला, तळाजवळ तर आणखी वाढत गेला. सगळा समुद्र सारखा ढवळला जातच नाही. मोकळं पाणी बरंचसं निवांत असतं, आणि दऱ्याडोंगरांवर धुमाकूळ चालू असतो.

आणि तो धुमाकूळ घालणारा कोण, तर बऱ्याच अंशी चंद्र! भरती-ओहोटीचं पाणी तळाच्या डोंगरांवरून मागे-पुढे सरकतं, त्यातून समुद्राच्या आत लाटा उठतात आणि त्या फुटतात. मंक आणि वुन्श यांनी १९९८ मध्ये हिशेब केला की खोल समुद्र ढवळायला साधारण २ लाख कोटी वॅट लागतात. २००० साली एग्बर्ट आणि रे यांनी उपग्रहाने मोजलेल्या समुद्रपातळीवरून दाखवलं की भरती-ओहोटीचे त्यातले सुमारे १ लाख कोटी वॅट खोल समुद्रात खर्च होतात. बाकीचा वाटा मुख्यतः वाऱ्याचा. पुराणातल्या समुद्रमंथनात चंद्र मंथनातून बाहेर आला होता. इथे तोच दोर ओढतोय. त्या कष्टांपायी तो दर वर्षी ३.८ सेंटीमीटर आपल्यापासून लांब जातो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सेमिनार सोपा गेला असता. पण २०१६ मध्ये फेरारी आणि सहकाऱ्यांनी सगळं उलटं करून दाखवलं. ढवळण जर तळाकडे वाढत जात असेल, तर मधल्या पाण्यात वरून जेवढं हलकं पाणी मिसळतं त्याहून जास्त खालून जड पाणी मिसळतं. म्हणजे ते पाणी जड होऊन खाली जायला हवं, वर नव्हे! वर चढायचं ते फक्त उताराला चिकटलेल्या पातळ थरातून. हे वाचून मी अख्खी संध्याकाळ वहीत बाण काढत बसले होते. वर, खाली, पुन्हा वर. ते खरं असल्याचा थेट पुरावा नंतर आला. आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रतळावरच्या एका घळीत २०२१ मध्ये फ्लुओरेसीन हा रंग सोडला गेला, आणि २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं की तो उतारावरून दिवसाला १०० मीटरहून जास्त वर चढला. मंकचे रोजचे १.२ सेंटीमीटर सगळ्या महासागराची सरासरी म्हणून ठीक होते. प्रत्यक्षात ते काम काही मोजक्या जिन्यांवरून, धावत होतं.

सेमिनारला पॅनेलवरच्या एका सरांनी शेवटी विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण आपल्याला काय उपयोग?" हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. मी त्यांना बंगालचा उपसागर दाखवला. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि वर धो धो पाऊस, एवढं गोडं पाणी तिथे समुद्रावर पसरतं. हलक्या गोड्या पाण्याचं ते झाकण इतकं घट्ट बसतं की वाऱ्याला खालचं गार पाणी सहजासहजी वर काढता येत नाही. पृष्ठभाग गरम राहतो आणि ढग उठत राहतात. इकडे अरबी समुद्रात नैर्ऋत्येचा वारा जोरदार, झाकण हलकं, त्यामुळे पावसाळ्यात तो ढवळून गार होतो. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ मध्ये या दोन समुद्रांच्या उष्णतेचा हिशेब शेजारी शेजारी मांडून हा फरक दाखवला. पुढे भारत आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून बंगालच्या उपसागरात हीच ढवळण मोजायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. जहाजं नेली, खाली पडणारी यंत्रं सोडली, नांगरलेल्या बॉयांवर सेन्सर बसवले. कारण मान्सूनच्या मॉडेलला पृष्ठभागाचं तापमान लागतं, आणि ते ठरतं खालचं गार पाणी किती वर येतं यावर. मॉडेलच्या एका चौकटीत कित्येक चौरस किलोमीटर समुद्र मावतो. सेंटीमीटरभर भोवरा त्यात दिसणारच नाही. तिथे ढवळणीचा आकडा आपण बाहेरून भरायचा असतो. तो दहापट चुकला तर?

सर म्हणाले, "तर काय?"

मी म्हटलं, "तर सर, विदर्भातला शेतकरी पेरणी कधी करायची ते पेपरात वाचतो. बंगालच्या उपसागरात उठलेला कमी दाबाचा पट्टा पुष्कळदा त्याच्याच डोक्यावरून जातो."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "बरं, नेक्स्ट." नेक्स्ट सोलर कुकर होता.